वसई 'रोड'

मागच्या शनिवारी माझी गाडी हरवली. चोरीला नाही गेली, होती तिथेच होती, फक्त मला सापडेना. शनिवारी आमची रिलीज होती (हो, शनिवारीच असतात, का ते विचारू नका), परत यायला रात्रीचे साडेनऊ वाजले. वसई रोडला पश्चिमेला उतरलो, पार्किंगमध्ये शिरलो, आणि समोर बघतो तर राखाडी ॲक्टिव्हांचा समुद्र. सकाळी घाईघाईत कुठे लावली होती ते काही केल्या आठवेना. आणि आठवून तरी काय, पार्किंगवाल्या पोऱ्याने ती दिवसभरात दोनदा तरी सरकवली असणार. मोबाइलच्या उजेडात नंबर प्लेटी वाचत फिरत होतो. एमएच ४८, एमएच ४८, एमएच ४८... मधेच एखादी म्हातारी एमएच ०४. एका गाडीला आपली समजून किल्ली लावली, तर ती चक्क फिरली! डिकी उघडली तर आत कुणाचा तरी गुलाबी रेनकोट आणि अर्धा किलो तूरडाळ. हळूच बंद केली आणि इकडेतिकडे बघत पुढे सरकलो.

गाडी सापडायला वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात ओळी मोजायचा प्रयत्न केला. एका ओळीत चाळीसेक गाड्या, अशा ओळी किती ते मोजता मोजता कंटाळलो आणि नाद सोडला. पण एक प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच. आमच्या गावातून दर काही मिनिटांनी मुंबईची गाडी सुटते. जगात फार कमी ठिकाणी अशी रेल्वे असेल. मग त्या रेल्वेच्या दारात हा दुचाक्यांचा डोंगर का?

२०१७ साली कंपनीने मला तीन आठवड्यांसाठी हो चि मिन्ह सिटीला पाठवलं होतं. म्हणजे जुनं सैगॉन. (आईने ते 'सायगाव' असं ऐकलं आणि कुठला तालुका म्हणून विचारलं.) तिथल्या रस्त्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. सिग्नल सुटतो आणि हजार मोटारसायकली एकदम अंगावर येतात, आणि त्यातून एखादी आजी भाजीची टोपली घेऊन शांतपणे रस्ता ओलांडते. धावायचं नाही, थांबायचं नाही, मागे तर अजिबात यायचं नाही. एका चालीने चालत राहायचं, गाड्या आपोआप बाजूने जातात. माझ्याबरोबरच्या दोघांनी पहिल्या दिवशी ऑफिससमोरचा रस्ता ओलांडायला टॅक्सी केली होती! मला मात्र तिथे परकं वाटलंच नाही. संध्याकाळी पावणेआठला विरार लोकल रिकामी झाल्यावर स्टेशनसमोरचा रस्ता ज्याने ओलांडलाय त्याला सैगॉन काय घाबरवणार?

पण दिसायला सारखं असलं तरी दोन्हीकडचा इतिहास अगदी उलटा आहे, हे पुढे वाचताना कळलं. आणि आपल्याकडच्या इतिहासाची किल्ली स्टेशनच्या नावातच आहे.

वसई रोड. यातला 'रोड' कशाला? ग्रँट रोड, चर्नी रोड ही रस्त्यांची नावं झाली. वसई रोड नावाचा रस्ता कुणी पाहिलाय? नाही. जुन्या काळी रेल्वेवाले गावापासून लांब असलेल्या स्टेशनला 'रोड' जोडत. अर्थ एवढाच की बाबांनो, गाव इथे नाही, इथून गावाला जायचा रस्ता आहे. याच लाइनीवर मीरा रोड, केळवे रोड, डहाणू रोड, उंबरगाव रोड बघा. बहुतेक ठिकाणी मूळ गाव समुद्राच्या किंवा खाडीच्या बाजूला, आणि स्टेशन आत, पूर्वेला. इंग्रजांच्या वेळी पाटीवर 'बसीन रोड' असायचं. बोर्डावरची स्पेलिंगं बदलली, पण 'रोड' काही गेला नाही, कारण अंतर काही गेलं नाही. जुनी वसई स्टेशनपासून आजही पाच-सहा किलोमीटरवर आहे. विरार स्टेशनवरून आगाशी तेवढीच, अर्नाळा तर त्याच्याही पुढे, दहाएक किलोमीटर.

याला कारण वसईचं तोंड. वसई समुद्राकडे तोंड करून बसलेलं शहर. पोर्तुगीजांना ती १५३४ साली मिळाली, आणि खाडीच्या मुखाशी त्यांनी किल्ला आणि आतलं अख्खं शहर बांधलं. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ते घेतलं. १८०२ चा तह शाळेत पाठ केलाय तोही इथलाच. या सगळ्या काळात वसईचा हमरस्ता म्हणजे पाणी. माल, माणसं, बातम्या, सैन्य, सगळं होडीने. त्याच्याही कितीतरी आधी सोपारा हे बंदर होतं. तेही पाण्याचंच लेकरू. मग १८६४ साली बीबीसीआयची रेल्वे गुजरातेतून थेट ग्रँट रोडपर्यंत आली. खाडीवर पूल टाकायचा तर तो मुखापाशी कोण टाकणार, आत सरकावंच लागतं. म्हणून रेल्वे गेली मिठागरांच्या आणि डोंगराच्या मधून, गावाच्या पाठीमागून. एका दिवसात वसईचं पुढचं दार मागचं झालं आणि मागचं पुढचं. घराने मात्र जागा बदलली नाही.

सुरुवातीला याने फारसं बिघडलं नसावं. रोज स्टेशनला जायचंच कुणाला होतं? केळी, सुकेळी, पानं, भाजी जायची, पण ती बैलगाडीने. खरी गोष्ट बदलली ती १९३६ साली, विजेची लोकल विरारपर्यंत आली तेव्हा. आता वसईत राहून मुंबईत नोकरी करता येऊ लागली. म्हणजे ते पाच किलोमीटर वर्षातून चारदा पार करण्याऐवजी दिवसातून दोनदा पार करायचे आले. मला विचाराल तर वसई-विरारच्या रस्त्यांचा पुढचा सगळा इतिहास हा या पाच किलोमीटरचा इतिहास आहे.

आईच्या लहानपणी टांगा होता. बाबांच्या तरुणपणी सायकल. आमचं घर गिरीजच्या बाजूला. बाबा फोर्टमधल्या एका बँकेत होते. सकाळी सायकलवर स्टेशन, तिथे पत्र्याचा बिल्ला घेऊन सायकल स्टँडला लावायची, संध्याकाळी बिल्ला देऊन परत घ्यायची. पावसात एका हातात छत्री, एका हातात हँडल, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि बूट पिशवीत. एसटी होती, पण एसटीचं वेळापत्रक आणि लोकलचं वेळापत्रक यांची कधी ओळखच करून दिली नव्हती कुणी. शेवटची एसटी चुकली की शेवटच्या लोकलची माणसं मिळून चालत निघायची. एकाकडे बॅटरी असायची, बाकीचे त्याच्या मागे. बाबा सांगतात की त्या चालण्यात गावातल्या अर्ध्या सोयरिकी ठरल्या. :)

अशा माणसाला स्कूटर म्हणजे काय वाटत असेल याची कल्पना आज ईएमआयवर दुपारी गाडी घेऊन संध्याकाळी फोटो टाकणाऱ्याला येणार नाही. स्कूटर आपल्याकडे तशी लवकर आली होती. १९४८ पासून बजाज व्हेस्पा आयात करून विकत होते, १९६१च्या सुमारास इटलीच्या पियाजिओचा परवाना घेऊन इथेच बनवू लागले. लॅम्ब्रेटा तर आपल्या भांडुपला बनायची. पियाजिओचा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. अडचण गाडीची नव्हती, संख्येची होती. किती स्कूटरी बनवायच्या ते सरकार ठरवणार. कारखानदाराला जास्त बनवायच्यात, गिऱ्हाइकाला विकत घ्यायच्यात, आणि मधे परवाना. त्यामुळे रांग. आठ वर्षं, दहा वर्षं. मुलगी झाली की स्कूटरचा नंबर लावायचा, म्हणजे लग्नात जावयाला देता येईल, असा विनोद त्या काळी होता, आणि तो फारसा विनोद नव्हता. नंबर लागलेली गाडी शोरूमच्या बाहेरच 'ऑन' घेऊन विकली जायची. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला मात्र रांग चुकवता यायची. आमच्या शेजाऱ्यांचा भाऊ मस्कतला होता. त्यांच्याकडे स्कूटर काही महिन्यांत आली. बाबांचा भाऊ वाडीत होता, केळ्यांना डॉलर कोण देणार?

बाबांनी १९७७ साली नंबर लावला. गाडी आली १९८४ मध्ये. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो, त्यामुळे मला आठवतं ते स्वतःचं की आईने इतक्या वेळा सांगितलेलं, देव जाणे. पण पुढच्या फळीवर उभं राहून हँडलच्या मधला आरशासारखा चकचकीत भाग धरल्याचं नक्की आठवतं. आकाशी चेतक. ती उजवीकडे कलती व्हायची, कारण इंजिन एका बाजूला. सकाळी सुरू होईना की बाबा तिला डावीकडे आडवी करायचे, मग सरळ, मग किक. कुणाच्याही घरी चेतक असेल तर हा विधी त्याला सांगायला नको.

आता गंमत बघा. बाबा रांगेत उभे होते त्याच्या आधीच, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, सैगॉनमध्ये होंडा भरभरून येत होत्या. युद्ध चालू होतं, अमेरिकेचा पैसा ओतला जात होता, आणि त्या पैशावर जपानी मोटारसायकली आयात होत होत्या. होंडाची सुपर कब १९५८ सालची. छोटी, हलकी, बायकांनाही चालवता यावी अशी, क्लच दाबायची भानगड नाही. सैगॉनची फ्रेंचांच्या वेळची ट्राम १९५० च्या दशकात बंद पडलेली, लोकल-बिकल काही नाही. मग अख्खं शहर या गाड्यांवरच बसलं. इतकं की तिथे मोटारसायकलला सरळ 'होंडा'च म्हणू लागले, मग ती यामाहा का असेना. आपल्याकडे मोपेड म्हणजे लूना आणि स्कूटर म्हणजे ॲक्टिव्हा, तसंच. आणि भाड्याच्या मोटारसायकलला त्यांच्या भाषेत जो शब्द आहे, त्याचा अर्थ 'मिठीगाडी'. मागे बसणारा चालवणाऱ्याला धरून बसतो म्हणून. नाव ठेवावं तर असं!

१९७५ नंतर तिथेही दुष्काळ. १९८६ च्या सुधारणांनंतर गाड्या पुन्हा वाढल्या, आणि २००० च्या आसपास चीनमधून इतक्या स्वस्त गाड्या आल्या की होंडालाही २००२ मध्ये स्वतःची स्वस्त गाडी काढावी लागली. आज त्या देशात नोंदवलेल्या मोटारसायकली सात कोटींच्या वर आहेत. म्हणजे त्यांच्याकडे गाडी होती, पण रेल्वे नव्हती. आपल्याकडे रेल्वे होती, गाडी नव्हती.

बँकॉकची गोष्ट आपल्याला जास्त जवळची आहे. तिथे मोठ्या रस्त्यांना फुटणाऱ्या गल्ल्यांना सोई म्हणतात. जुनी भातशेती आणि कालवे यांच्या आकारावर त्या पडल्या, त्यामुळे लांबच लांब, अरुंद आणि बऱ्याचदा पुढे बंद. बस मोठ्या रस्त्यावर सोडते, घर आत दीड-दोन किलोमीटर. हे मधलं अंतर भरायला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटारसायकल टॅक्सी आली. नाक्यावर रंगीत जॅकेट घातलेली पोरं बसलेली असतात. वसईच्या पश्चिमेच्या गल्ल्या आठवा. त्या बावखलांना वळसा घालत, वाड्यांच्या कुंपणांना चिकटून जातात, बैलगाडीच्या मापाच्या. समोरासमोर दोन चारचाक्या आल्या की एकाने अर्धा फर्लांग मागे जायचं, आणि कोणी जायचं यावर पाच मिनिटं. अशा गल्लीत बस कशी शिरणार? तिथे फक्त दुचाकीच शिरते, आणि तीही एक पाय कुंपणाला लावून.

बाबांचा नंबर लागला आणि लगेच रांगच संपायला लागली, हा त्यांच्या आयुष्यातला मोठा विनोद आहे. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली, १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १००. लिटरमागे ऐंशी किलोमीटरचा दावा! सात वर्षं थांबून घेतलेल्या चेतककडे बाबा त्या दिवसापासून जरा संशयानेच बघायला लागले.

हीरो होंडाने काय केलं त्यावर बरंच लिहिलं गेलंय. मला कायनेटिक होंडाबद्दल बोलायचंय. या गाडीला गिअर नव्हते आणि बटण दाबून सुरू व्हायची. पुरुषांना यात विशेष काही वाटलं नाही, उलट 'बायकांची गाडी' म्हणून नाक मुरडलं. आणि ती खरंच बायकांची झाली. माझी आत्या शिक्षिका. शाळा घरापासून चार किलोमीटर, एसटी दिवसातून मोजून दोनदा त्या बाजूला. वीस वर्षं ती चालत गेली किंवा कुणाच्या तरी मागे एका बाजूला पाय सोडून बसून गेली. चाकात पदर जाऊ नये म्हणून साडी गार्ड असतो, तो आपल्या मोटार वाहन नियमांत १९८९ पासून लिहिलेला आहे. म्हणजे कायद्यानेही गृहीत धरलं होतं की बाई असेल तर मागे असेल. आत्याने चाळिशीत कायनेटिक घेतली. मैदानात शिकली, दोनदा पडली, तिसऱ्या दिवशी शाळेत गेली. गावात त्यावर पंधरा दिवस बोलणं झालं. मग बोलणाऱ्यांच्या सुनांनी घेतली. पुढे स्कूटी आली, २००१ मध्ये ॲक्टिव्हा आली, आणि आता सकाळी सात वाजता आमच्या रस्त्यावर चालवणाऱ्यांमध्ये निम्म्याहून जास्त बायकाच दिसतात. पोराला शाळेत सोडून, भाजी घेऊन, स्टेशन पार्किंगला गाडी, लेडीज डबा. सैगॉनला तर हे नवीन नव्हतंच. तिथे आओ दाय घातलेल्या मुली साठ वर्षांपासून होंडा चालवतायत.

मधल्या काळात गाव वाढलं. नुसतं वाढलं नाही, फुगलं. १९९० साली सिडकोला इथलं नियोजन प्राधिकरण केलं, त्याआधीच इमारती सुरू झाल्या होत्या. मुंबईत परवडेना तो प्रत्येक जण विरार लोकलमध्ये बसून उत्तरेला सरकला. २००९ च्या जुलैमध्ये चार नगरपालिका आणि ५३ गावं मिळून महापालिका झाली. गावांनी त्याविरुद्ध केलेलं आंदोलन तुम्हाला आठवत असेल. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या निघाली १२ लाख २२ हजार. म्हणजे एका महानगराएवढी माणसं, आणि स्टेशनपर्यंत जायची सोय बाबांच्या काळातली. महापालिकेची बस आली २०१२ मध्ये. ज्याला रोज ७:१२ पकडायची आहे तो कोणत्याही समितीची वाट बघत नाही. तो शेअर रिक्षात चौथा बसतो, नाहीतर गाडी घेतो. ऑफिसात लोक म्हणतात, तुमच्या वसई-विरारवाल्यांना बाइकचं फार वेड. अरे, वेड कसलं? रेल्वे आणि गाव यांच्यामध्ये जे बांधायला हवं होतं ते प्रत्येकाने स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या पेट्रोलने, एकेका घरापुरतं बांधून घेतलंय. आमच्या पार्किंगमधल्या त्या राखाडी ओळी म्हणजे न आलेल्या बसेसच उभ्या आहेत.

हो चि मिन्ह सिटीत पहिली मेट्रो २२ डिसेंबर २०२४ ला धावली. वसईत रेल्वे येऊन तेव्हा १६० वर्षं झाली होती. पण त्यांनी मेट्रोसोबतच स्टेशनं जोडणाऱ्या विजेवरच्या छोट्या बस सुरू केल्या. हे वाचलं तेव्हा मी चहा खाली ठेवला.

अर्थात दुचाकीने रस्त्याला जे दिलं तेही कबूल करायला हवं. चारचाकीवाल्याला बाजारात जावं लागतं, दुचाकीवाल्यापाशी बाजार येतो. सैगॉनच्या फुटपाथवर इवल्याशा प्लास्टिकच्या स्टुलावर बसून कॉफी पिता पिता मी हेच बघायचो. बाई गाडीवरून न उतरता नूडल्सचं पार्सल घेते, पैसे देते, वळते. आमच्याकडे होळी बाजारात एक पाय जमिनीवर, इंजिन चालू, "मावशी, पाव किलो भेंडी, कोवळी द्या". पाववाला सायकलवरून मोटारसायकलवर आला, त्याचा भोंगा तोच राहिला. दुधाचे कॅन दोन्हीकडे लटकवलेली स्प्लेंडर, चाफ्याच्या आणि मोगऱ्याच्या गाठोड्यात बुडालेला पहाटेचा स्वार, जो पहिल्या लोकलने दादरला जाणार. फळीवर गॅसचा सिलिंडर, सिलिंडरवर शाळेचं दप्तर, दप्तरावर पोर. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्यात गेली, लोकल बंद पडल्या, मिठागरातल्या लोकांना होड्यांनी काढावं लागलं. तेव्हा पाणी ओसरल्यावर आमच्या गल्लीतल्या मेकॅनिककडे जी रांग लागली ती बघून बाबा म्हणाले, "ही बघ, परत आली बजाजची रांग."

पण याची एक किंमत आहे आणि ती चेष्टेत सांगण्यासारखी नाही. स्वतःची बस स्वतः चालवायची म्हणजे पडायचंही स्वतःच. गेल्या पावसाळ्यात बाबा पडले. वय ७४. पाण्याने भरलेला खड्डा, वर दिव्याच्या खांबावर दिवा नाही, संध्याकाळचे साडेसात. खांद्याजवळचं हाड मोडलं. डोकं वाचलं, कारण हेल्मेट होतं. हेल्मेट होतं ते माझ्याशी रोज भांडून घातलेलं होतं. खड्डा कुणाचा यावर दोन खात्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं, तोवर पाऊस संपला आणि खड्ड्यात कुणीतरी विटांचे तुकडे टाकले. सगळीकडे होतं तेच. हेल्मेटचा कायदा आपल्याकडेही कधीचा आहे, पण आपण तो हायवेवर पाळतो, गावात नाही. 'इथेच तर जायचंय.' व्हिएतनाममध्ये १५ डिसेंबर २००७ पासून सर्व रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचं झालं, आणि त्या एका दिवसात रस्त्यावरची बहुतेक डोकी झाकली गेली. मी गेलो तेव्हा पहाटे पाव आणायला निघालेला माणूसही हेल्मेटमध्ये होता. शिस्त आपल्या रक्तात नाही वगैरे म्हणणाऱ्यांनी तो रस्ता एकदा पाहून यावा. सिग्नल तोडतात, फुटपाथवरून जातात, उलटे येतात, पण हेल्मेट घालून!

तर बाबा बरे झाले आणि गणपतीनंतर मी गाडीची किल्ली माझ्याकडे ठेवून घेतली. ते काही बोलले नाहीत. सात वर्षं रांगेत थांबलेल्या माणसाला थांबायचं कसं ते माहीत असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर बसची वाट बघत उभे राहिले. बस आली नाही. पाऊण तासाने परत आले आणि पेपर वाचत बसले. तिसऱ्या दिवशी रिक्षाने गेले, मीटर नसलेल्या रिक्षाशी भांडून आले. मग जाणं कमी झालं. आधी बाजार, मग वाचनालय, मग स्टेशनसमोरच्या टपरीवरचे बँकेतले जुने मित्र. मला आधी वाटलं वय झालं. पण चालायला त्यांना काहीच होत नाही, घरात जिने चढतात. फक्त ते पाच किलोमीटर परत आले होते, १९७७ साली होते तेवढेच.

गोव्यात असते तर नाक्यावर पिवळ्या मडगार्डची पायलटची गाडी मिळाली असती, तिथे मोटारसायकल टॅक्सीला रीतसर परवाना आहे. आपल्याकडे बाइक टॅक्सीचं भिजत घोंगडं. जानेवारी २०२३ मध्ये प्रकरण उच्च न्यायालयात जाऊन सेवा थांबली, २०२५ मध्ये राज्याने इ-बाइक टॅक्सीसाठी नियम केले. आमच्या गल्लीत त्यातली अजून एकही फिरकलेली नाही. फेब्रुवारी २०२४ पासून वसई ते भाईंदर रो-रो मात्र सुरू झाली. रस्त्याने घोडबंदरवरून तीस-पस्तीस किलोमीटरचा वळसा, पाण्यावरून पंधरा-वीस मिनिटं. दुचाकी बोटीत चढवायची आणि पलीकडे उतरवायची. बोट सुटते किल्ल्याच्याच बाजूने. पुढचं दार पुन्हा थोडं उघडलंय म्हणायचं. बाबांनी त्याची बातमी कापून ठेवली होती. भाईंदरला त्यांचा एक मित्र आहे, त्याच्याकडे गाडीवरून बोटीतून जायचं त्यांच्या मनात होतं. ते कात्रण मला पेपरच्या रद्दीत सापडलं.

असो. त्या शनिवारी जी गाडी हरवली ती त्यांचीच. माझी बाइक विकून झाली, मी त्यांची ॲक्टिव्हा स्टेशनला नेतो. घरी पोचलो तर दहा वाजून गेले होते आणि बाबा फाटकापाशी उभे. मला काही न विचारता आधी गाडीभोवती फिरले. आरसा सरळ केला. मागच्या चाकावर अंगठा दाबून म्हणाले, "हवा कमी आहे. दोन दिवस झाले असतील. लक्ष नाही तुझं." मी पार्किंगची हकीकत, तूरडाळ वगैरे सांगितलं. ते हसले. मग मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. का, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

रविवारी सकाळी सहाला अंगणात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी उठलो नाही. आवाज गल्लीच्या वळणापर्यंत ऐकला, तिथे बावखलापाशी ते नेहमी हॉर्न देतात, तो दिला. मग उठून दरवाजामागची खुंटी पाहिली. हेल्मेट तिथे नव्हतं.